टपालाने दुरुस्ती

२ मार्च

खटपट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी वेगळे लिहीत बसत नाही. कामाचं लिहिते.

तुझ्या मामांचा लॅपटॉप चालू होत नाहीये. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग जरा रागावून दाबलं. पडदा काळा तो काळाच. हे गेल्यापासून तो झाकण मिटून जेवणाच्या टेबलावर पडून होता, वर्षभर मी त्याला हात लावला नाही. मध्यंतरी घराला रंग लावून घेतला तेव्हा उचलून कपाटावर ठेवला. आता खाली काढला तर ही तऱ्हा.

चौकातल्या दुकानात नेला होता. दुकानदाराने मान खाली घालून काहीतरी पुटपुटलं आणि नव्या लॅपटॉपांचं रंगीत पत्रक माझ्यापुढे सरकवलं. मी ते त्याच्याकडे परत सरकवलं आणि लॅपटॉप काखेत मारून घरी आले. हल्लीची माणसं तोंड उघडून का बोलत नाहीत कोण जाणे.

त्यात यांचं लिहिलेलं आहे. नऊ-दहा वर्षांचं आहे, बरंच असणार. मला ते हवंय. नवं यंत्र नको, हेच चालू व्हायला हवं.

फोन करू नकोस. मला फोनवर बोलायला आवडत नाही आणि यांचा मोबाइल मी केव्हाच बंद करून टाकला. पत्र लिही. इस्त्रीपासून पिठाच्या चाळणीपर्यंत या घरातली एक वस्तू तू धड ठेवली नव्हतीस. शाळेतून आलास की दप्तर एकीकडे आणि स्क्रू दुसरीकडे. यांनी तुला खटपट्या नाव ठेवलं ते काही उगाच नाही. उघडलेल्यांपैकी निम्म्या वस्तू परत जोडल्या गेल्या, हेही माझ्या लक्षात आहे. आता त्या विद्येचा काही उपयोग असेल तर दाखव.

मामी

१३ मार्च

मामी,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. इथे टेबलाखाली वाकून वाकून पाठ धरली आहे, खरोखरचा घातला तर कोणाला तरी उचलावं लागेल.

माझं दिवसभराचं काम तेच आहे. ऑफिसातला एकेक जण येतो आणि म्हणतो, "चालत नाहीये." मी जातो, टेबलाखाली शिरतो, निघालेला प्लग लावतो आणि बाहेर येतो. ते मला देवमाणूस समजतात. मामा असता तर म्हणाला असता, लेका, तुला फुकटचा पगार मिळतो.

पण तू म्हणतेस ते वाचून मी कामातच थांबलो. मामा लिहायचा? मला कधी बोलला नाही! टेलिफोन एक्स्चेंजच्या आठवणी असणार. ट्रंक कॉल जोडताना ऐकलेल्या भानगडी, वादळात तुटलेल्या लाइनी, रात्रपाळीचे किस्से. बोलायला बसला की तास जायचा त्याचा. मी तुमच्याकडे शिकायला होतो तेव्हा जेवताना तो बोलायचा, तू "आधी घास गिळा" म्हणायचीस आणि मी हसता हसता ताट सांडायचो. मामी, ते लिखाण मिळालं तर आपण छापू.

आता कामाला लाग. सगळं या क्रमाने कर.

आधी भिंतीतल्या सॉकेटमध्ये टेबलाचा दिवा लावून बघ, वीज येते का. मग चार्जर लाव आणि चार्जरवरचा बारीक दिवा लागतो का बघ. त्यानंतर लॅपटॉप पालथा घाल. दोन्ही कडांना खटके आहेत, ते बाहेर सरकवलेस की बॅटरी निघेल. बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढलेलं असताना बटण दाबून धर आणि मनात तीसपर्यंत मोज. आत साठलेली वीज निघून जाते. मग नुसता चार्जर लावून बटण दाब. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला दिवा लागतो का? आतल्या पंख्याचा आवाज येतो का?

जे दिसेल ते लिही. मनाचं घालू नकोस.

खटपट्या

२४ मार्च

खटपट्या,

मनाचं घालू नकोस म्हणे. मी तुझ्या मार्कांच्या वहीवर सही करायची ना, तेव्हा मनाचं कोण घालत होतं?

सॉकेट ठीक आहे, टेबलाचा दिवा लागला. चार्जरचा दिवा लागला नाही. बॅटरी निघाली, पण एका नखाचा बळी देऊन. तीसपर्यंत मोज म्हणालास, मी पन्नासपर्यंत मोजलं, उगाच शंका नको. मग चार्जर लावून बटण दाबलं. दिवा नाही, पडदा काळा, आवाजही नाही.

एक सांगायचं राहिलं. रंगारी आले होते तेव्हा लॅपटॉप जरा घसरला. पडला असं म्हणता येणार नाही. स्टुलावरून घसरला आणि खाली चटई होती. म्हणजे चटईची कड होती.

आठवणी वगैरे काही नाहीत. लिहिलेलं आहे, एवढंच तुला पुरे. छापण्याच्या गोष्टी करू नकोस. हे बोलत भरपूर, पण आठवणी लिहीत बसण्याइतके ते एका जागी कधी टिकले होते?

तुझी बायको कशी आहे? तिला लिहायला सांग. तुझ्यापेक्षा तिचं अक्षर बरं आहे.

मामी

४ एप्रिल

मामी,

चटईची कड! बरं.

चार्जरचा दिवा लागत नाही म्हणजे चार्जरच गेला असणार. वर्षभर पडून राहिला की होतं असं. मी त्याच मापाचा नवा चार्जर या पत्रासोबत पार्सलने पाठवतोय. तो लाव, दिवा लागलेला दिसला की बटण दाब. आणि आता महत्त्वाचं. ही जुनी यंत्रं आजारी असली की पडदा काळा ठेवतात, पण आतून बीप बीप करून दुखणं सांगतात. किती वेळा आणि कसं, त्यावरून आजार कळतो. तेव्हा बटण दाबल्यावर खिडकी बंद करून, नीट कान देऊन ऐक.

फोनवर बोलता आलं असतं तर हे दहा मिनिटांत झालं असतं. पण तुझी फोनची नावड मला नवी नाही. मामा दर रविवारी फोन करायचा, तेव्हाही तू लांबूनच बोलायचीस. मी काही विचारलं की मध्ये थोडा वेळ जायचा, मग मागून तुझं खणखणीत उत्तर यायचं. मी म्हणायचो, मामा, उशीर का लागतो रे? तो म्हणायचा, लाइन खराब आहे, तुझं बोलणं मामीपर्यंत चालत जातं. ज्याने उभा जन्म लाइनी जोडल्या त्याच्या घरची लाइन खराब! मागे सारखी टकटक ऐकू यायची. ती काय, विचारलं तर म्हणायचा, मामी भाजी चिरतेय. मी बायकोला म्हणायचो, आमच्या मामीकडे रविवारी भाजी फार लागते.

आता रविवारी मला काय करावं तेच सुचत नाही. फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो.

खटपट्या

१५ एप्रिल

खटपट्या,

पार्सल मिळालं. नव्या चार्जरचा हिरवा दिवा लागला. बटण दाबलं. लॅपटॉपवर दिवा नाही, पडदा काळा.

खिडकी बंद करून ऐकलं. काही आवाज नाही.

खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायला आल्या आहेत. जिन्यात भेटल्या की माझ्याकडे डोळे वटारून बघतात आणि काहीतरी बोलून निघून जातात. मी हसून मान हलवते. त्यावर त्या आणखी डोळे वटारतात. शेजार बिघडला एकूण.

पुढे काय करू?

मामी

२५ एप्रिल

मामी,

हे पत्र लिहायला मी दोन दिवस टाळाटाळ केली.

वीज पोचतेय, चार्जर चांगला आहे आणि तरी दिवा नाही, पंखा नाही, बीपही नाही. याचा अर्थ आतली मुख्य पाटी गेली. पडल्यामुळेच गेली असेल असं नाही, वय झालं होतं त्याचं. या जुन्या मॉडेलची पाटी आता मिळत नाही. मी वर्षअखेरीला येईन तेव्हा आतली डिस्क काढून बघू, तिच्यावर काही शिल्लक असलं तर. पण पडलेल्या डिस्कचा भरवसा नसतो. उगाच आशा लावून ठेवू नकोस.

मी तुला नवा लॅपटॉप पाठवतो. नको म्हणू नकोस. आणि मामाच्या गोष्टींचं म्हणशील तर त्या मला तोंडपाठ आहेत. वादळात खांबावर चढला ती, साहेबाचा फोन चुकून साहेबाच्या सासऱ्याला जोडला ती, सगळ्या. मी बसून एकेक लिहून पाठवतो. त्याने लिहिल्या असत्या तशाच.

यंत्रच आहे मामी. त्याच्यात जीव अडकवू नकोस.

खटपट्या

६ मे

खटपट्या,

नवा लॅपटॉप पाठवलास तर तो मी पार्सल न उघडता परत पाठवीन.

मला त्यांच्या गोष्टी नको आहेत. त्या मलाही पाठ आहेत, साहेबाच्या सासऱ्याची तर तुझ्यापेक्षा चांगली. तू समजतोस ते त्या लॅपटॉपात नाही. ऐक आता. किंवा वाच. ऐकण्याचं नाव मी काढू नये.

मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नव्हे, अजिबात येत नाही. दहा वर्षं होत आली. आधी उजवा कान गेला, मग वर्षाच्या आत डावा. डॉक्टर म्हणाले शीर सुकली. यंत्र लावून बघितलं, नुसती शिट्टी डोक्यात घुमायची, काढून टाकलं. सुरुवातीला हे माझ्यासमोर उभे राहून मोठ्याने बोलायचे. शेजारी खिडकीत यायचे, मला मात्र नुसतं यांचं तोंड हललेलं दिसायचं. मग एक दिवस हे लॅपटॉप घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर ठेवला, एका बोटाने बराच वेळ काही शोधलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आता तरी माझं ऐकशील का?"

त्या दिवसापासून हे लिहून बोलले आणि मी तोंडाने उत्तर दिलं. चहा टाकू का, पेपरवाला आला नाही, चष्मा कुठे ठेवलास, तुझी बहीण आगाऊ आहे, सगळं. बडबड्या माणूस, त्याने एका बोटाने जन्माची बडबड चालू ठेवली. जेवताना ताटाशेजारी लॅपटॉप असायचा. तुझे रविवारचे फोन तसेच व्हायचे. हे एका हाताने फोन धरायचे आणि दुसऱ्या हाताने तू बोललास ते टाइप करायचे. मी वाचून ओरडून उत्तर द्यायचे आणि हे फोन माझ्या तोंडाशी धरायचे. भाजी कसली चिरतेय!

तुला सांगू नका असं मीच बजावलं होतं. बहिऱ्या माणसाशी लोक ओरडतात, नाहीतर बोलायचंच सोडून देतात. तू माझ्याशी पहिल्यासारखा बोलत होतास, ते मला हवं होतं. हे गेले तेव्हा तू चार दिवस माझ्याजवळ बसून बोलत होतास. मला एक शब्द कळला नाही. मी नुसती मान हलवत राहिले.

आता हे नाहीत आणि मला त्यांचं बोलणं आठवेनासं झालंय. आवाज तर दहा वर्षांपूर्वीच गेला, पण बोलायची रीत तरी डोळ्यांना पाठ होती. तीही पुसट होत चाललीय. परवा मी आठवत बसले, चहा हवा असला की हे नेमकं काय लिहायचे? आठवेना. खटपट्या, मला ते चहाचं वाक्य हवंय. आहे ते सगळं तिथेच आहे.

मामी

१३ मे

मामी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसलो. लोक बाजूने जात होते. कोणीतरी विचारलं, काय झालं, मी म्हटलं, प्लग निघाला होता.

ते चार दिवस मी तुझ्याशी काय काय बोललो ते मला आता आठवतंय. तू गप्प होतीस ते दुःखाने, असं समजून मी निघालो. मला तुझ्यावर खूप रागवायचं आहे, पण ते समोर आल्यावर, पाटी-पेन्सिल घेऊन.

आता आधी हे कर. मी गाढव आहे. ज्या बाईला ऐकू येत नाही तिला मी आधी पंखा आणि मग बीप ऐकायला लावलं आणि "आवाज नाही" या तिच्या शब्दावर यंत्राला मेलेलं ठरवलं. माझ्या डोक्यात तू अजून तीच होतीस, मी दबक्या पावलांनी उशिरा घरी आलो की आतून "हात-पाय धू" म्हणणारी. त्या मामीला ऐकू आलं नाही म्हणजे आवाज नसणारच.

आणि दिवा! मामाने आयुष्यभर एक्स्चेंजच्या बोर्डावरचे लुकलुकणारे दिवे बघितले, म्हणून घरात त्याला एक दिवा सहन व्हायचा नाही. आठवतं? रेडिओच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी, इस्त्रीच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी. मी त्या नखाने काढायचो आणि तो परत लावायचा. मामी, लॅपटॉपची पुढची कड भिंगाखाली धरून बघ. जुना चार्जरही बघ.

मग बटण दाब आणि तळहात लॅपटॉपच्या खाली धर. थरथर लागते का बघ. आणि कोणाला तरी बोलावून बीप ऐकायला लाव. डोळे वटारणाऱ्या नर्सबाई चालतील. त्यांना सांग, लांब किती, आखूड किती, कागदावर लिहून दे.

खटपट्या

२५ मे

खटपट्या,

पट्टी होती! काळ्या कडेवर काळी पट्टी, नखाच्या टोकाएवढी, इतकी सफाईने लावलेली की भिंगातूनही आधी दिसली नाही. जुन्या चार्जरवरही होती. म्हणजे तुझा नवा चार्जर फुकट गेला. पट्टी काढून बटण दाबलं तर निळा दिवा लागला. मी यांना मोठ्याने शिव्या दिल्या. बऱ्याच दिवसांनी दिल्या, बरं वाटलं.

मग तळहात खाली धरला. बारीक थरथर येत होती. एवढे दिवस मी त्याला मेलेला समजत होते आणि ते बिचारं आत चालूच होतं. मी हात तसाच ठेवून बराच वेळ बसले.

नर्सबाईंकडे गेले. दार उघडल्या उघडल्या सांगितलं, मला ऐकू येत नाही, मला तुमचे कान हवेत. आयुष्यात पहिल्यांदा मी हे कोणाला समोरासमोर, आपण होऊन सांगितलं. त्यांनी डोळे वटारायच्या ऐवजी कपाळावर हात मारला. वर आल्या, मी बटण दाबलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. कागद ओढून भराभर लिहायला लागल्या. "हाच तो! हाच आवाज! माझी रात्रपाळी असते, मी दिवसा झोपते, आणि वरून हे सुरू होतं! किती वेळा येऊन बेल वाजवली! जिन्यात सांगितलं तर तुम्ही हसता!"

बेल वाजवली म्हणे. मी आत बसून पेपर वाचत असणार.

आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या रोज संध्याकाळी कामावर जायच्या आधी वर येतात आता. कागदावर लिहून बोलतात. डॉक्टर लोकांच्या संगतीत राहून अक्षर बिघडलंय, पण बाई चांगली आहे.

बीप असे. एक लांब, दोन आखूड, मग थांबून पुन्हा तेच. काय दुखतंय त्याला?

मामी

२ जून

मामी,

काही विशेष दुखत नाहीये! आतली मेमरीची पट्टी सैल झालीय, चटईच्या कडेने. म्हणजे ते सारखं सांगतंय की मला काही आठवत नाहीये.

चार्जर आणि बॅटरी काढ. पालथं घाल. मधोमध एक छोटं झाकण आहे, त्याला एकच स्क्रू आहे. चष्मा दुरुस्त करायचा बारीक पेचकस चालेल. झाकण काढलंस की हिरवी पट्टी दिसेल, बोटाएवढी लांब. तिच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ढकल, पट्टी आपोआप वर उचलली जाईल. ती अलगद काढ. एका कडेला सोनेरी दात असतात, त्यांना बोट लावू नकोस. पेन्सिलच्या खोडरबराने ते हलकेच घास, फुंकर मार आणि पट्टी तिरकी घालून खाली दाब. चिमटे बसल्याचं हाताला कळेल. घाई करू नकोस आणि घाबरू तर अजिबात नकोस.

चालू झालं तर पडद्यावर काही प्रश्न येतील. बराच काळ बंद असलेली यंत्रं उठल्यावर विचारतात. "हो" म्हणत जा.

मी रजा टाकलीय. पुढच्या महिन्यात येतोय, बायकोसकट.

खटपट्या

१४ जून

खटपट्या,

चालू झाला.

नर्सबाईंनी टॉर्च धरला, झाकण मी उघडलं, दात मी घासले. चिमटा बसल्याचं बोटाला कळलं. बटण दाबलं आणि पडदा उजळला. नर्सबाई मला मिठी मारून कामावर गेल्या. त्यांना कळलं होतं की पुढचं मला एकटीला बघायचंय.

मग त्याने विचारलं, मागच्या वेळी अचानक बंद झाल्यामुळे राहून गेलेलं लिखाण परत आणू का. मी हो म्हटलं. पांढरं पान आलं आणि त्यावर एक वाक्य. मी वर गेले, खाली गेले. बाकी काही नाही. प्रत्येक कप्पा उघडून पाहिला. विजेची बिलं आहेत, तुझ्या लग्नाचे फोटो आहेत. यांचं लिहिलेलं कुठेच नाही.

मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हे लॅपटॉप स्वतःकडे फिरवायचे, टाइप करायचे, माझ्याकडे फिरवायचे. मला नेहमी एकच वाक्य दिसायचं, मोठ्या अक्षरांत. मला वाटायचं आधीचं वर सरकत असेल. ते सरकत नव्हतं, हे पुसत होते. एक्स्चेंजमधला माणूस. दोघांचं बोलणं झालं की लाइन मोकळी करायची, दुसऱ्याला लागते. आमच्या लाइनीवर दुसरं कोण होतं रे? पण सवय ती सवय. दहा वर्षांत या माणसाने काही म्हणून जपून ठेवलं नाही. चहाचं वाक्य गेलं, तुझ्या रविवारच्या फोनांमधलं सगळं गेलं.

मी खूप रडले. ते लिहिते आहे, कारण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

राहिलेलं वाक्य असं आहे. "असं मी कधीच म्हणालो नव्हतो."

ते शेवटच्या सकाळचं आहे. आमचं भांडण चाललं होतं. लग्नाआधी मी लाकडाच्या वखारीत हिशेबनीस होते आणि मालकांचे ट्रंक कॉल लावायचं काम माझ्याकडे होतं. एक्स्चेंजमध्ये हे असायचे. तोंड बघितलेलं नव्हतं, नुसता आवाज. एकदा लाइन मिळायला फार उशीर झाला तेव्हा हे म्हणाले, "तुमचा कॉल मी मुद्दाम सगळ्यात शेवटी जोडतो, तेवढंच जास्त वेळ बोलायला मिळतं." त्या सकाळी मी त्याची आठवण काढली. म्हटलं, माझ्या आवाजावर भाळून लग्न केलंत आणि आता बहिरी गळ्यात पडली. यांनी लॅपटॉप ओढून हे वाक्य लिहिलं, माझ्याकडे फिरवलं आणि दूध बघायला आत गेले. मी वाचून उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर हे समोर नव्हते. आतून बाहेर यायला उशीर का होतोय म्हणून मी उठले. पुढचं तुला माहीत आहे.

आता त्या वाक्याला हसावं की काय करावं? एवढा बोलका माणूस, एवढ्या वर्षांत एवढंच मागे ठेवून गेला आणि तेही खोटं! मी रडता रडता हसायला लागले. पण ते अगदी हेच होते बघ. तोंडावर पकडलं की नाकबूल करायचं, आणि कान लाल. ते वाक्य वाचलं आणि कान दिसले मला त्यांचे.

माझं उत्तर तेवढं द्यायचं राहिलं होतं. ऐकायला कोणी नाही, म्हणून मी ते लिहिलं. आजवर त्या लॅपटॉपवर मी एक अक्षर टाइप केलं नव्हतं, माझं बोलणं तोंडानेच असायचं. एकेक अक्षर शोधत बसले, दोनदा भलतंच उमटलं, शेवटी जमलं. त्यांच्या वाक्याच्या खाली, त्याच मोठ्या अक्षरांत. "म्हणाला होतात."

आता दोन्ही वाक्यं पडद्यावर आहेत. चार्जर लावून ठेवलाय, झाकण मिटलेलं नाही, मी दुसऱ्या कुठल्याही बटणाला हात लावलेला नाही. तिथे कोणी येऊ नये म्हणून टेबलाभोवती खुर्च्या लावल्या आहेत. जुन्या बॅटरीचा भरवसा नाही, वीज गेली तर काय होईल या भीतीने मला दुसरं काही सुचत नाही.

हे दोन्ही सेव्ह कसं करायचं ते ताबडतोब लिही. नाहीतर, मी सांगते म्हणून, नर्सबाईंना फोन कर. नंबर मागे लिहिलाय.

मामी